बारीक बटणाची परीक्षा

मित्रांनो, मला पाहून मी कोण हे तुम्हाला ओळखता येणार नाही. त्यात तुमची काही चूक नाही. कर्वेनगरच्या सोसायटीत मला पहिल्यांदा आणलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मी किराणा दुकानातला नवा वजनकाटा वाटलो होतो. करडा रंग, पाटाएवढा आकार, पुढे एक छोटी हिरवी काच आणि अंगावर सोळा चौकोनी रबरी गाद्या, असं माझं रूप. मी सॅम्पलर आहे आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे.

माझं काम सोपं. मला एखादा आवाज ऐकवला की मी तो पाठ करतो. मग एक गादी दाबली की तोच आवाज जसाच्या तसा म्हणून दाखवतो. कोंबड्याचं आरवणं असो, फरशीवर पडलेला चमचा असो, नाहीतर कुणाची शिंक असो. शंभर वेळा विचारा, शंभर वेळा सांगेन. शिवाय माझ्या पोटात इक्वलायझर नावाचा एक भाग आहे. आमटीत तिखट-मीठ कमीजास्त करावं, तसं त्याने आवाजातलं जाडपण आणि बारीकपण कमीजास्त करता येतं. त्यासाठी माझ्या उजव्या अंगाला तीन गोल बटणं आहेत. त्यांच्याखालची इंग्रजी अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, म्हणून माझ्या मालकांनी चिकटपट्टीवर पेनाने लिहून लावलं होतं: जाड, मधला, बारीक. जाड म्हणजे ढोलाचं घुमणं. मधला म्हणजे माणसाचं बोलणं. आणि बारीक म्हणजे डासाची गुणगुण, रेशमी पदराची सळसळ असले अगदी वरच्या टोकाचे आवाज. या तिसऱ्या बटणावरून आमच्या घरात एकदा जो गोंधळ झाला, तो तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी तिन्ही बटणं फिरवून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. खोक्यातून बाहेर आलो तो सिंगापूरच्या एका दुकानात. तेव्हा आपल्याकडे बाहेरच्या वस्तूंना नुकतंच दार उघडलं होतं. १९९४ साली दिगंबर खासनीस यांचे मावसभाऊ सिंगापूरला जाऊन आले. लोक येताना अत्तरं आणि चॉकलेटं आणत; यांनी चार साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मला आणलं.

खासनीस म्हणजे कानाचा माणूस, असं सगळं पुणं म्हणायचं. सगळं म्हणजे निदान कर्वे रस्त्याच्या या बाजूचं. आधीची वीस वर्षं ते लाउडस्पीकरच्या धंद्यात होते. सभा, लग्नं, मिरवणुका, सगळीकडे कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून आवाज जुळवायचा. पंचेचाळिशीला त्यांनी ते सोडलं आणि तळमजल्यावरच्या राहत्या घरातल्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. भिंतींना आवाज शोषून घ्यायला म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. त्यांची पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या, की माझ्या माहेरची माणसं आली तर त्यांना काय सांगू? तेव्हा ट्रेवर जुने पडदे टांगले गेले. माहेरची माणसं येत, पडद्यांचं कौतुक करत आणि जात.

स्टुडिओत माझ्या जोडीला रियाज तांबोळी होता. आला तेव्हा वीस वर्षांचा. त्याचे वडील भवानी पेठेत बाजाच्या पेट्या दुरुस्त करत, त्यामुळे त्याचा कान पाळण्यातच सुरात लागलेला. तो कीबोर्ड वाजवायचा, मला आवाज पाठ करायला लावायचा आणि खासनिसांचं बोलणं खाली मान घालून ऐकून घ्यायचा. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड होतं. खासनिसांची जीभ म्हणजे कोरडी ठणठणीत. एका गायकाने विचारलं, माझा आवाज कसा लागला? तर म्हणाले, लागला, पण आम्हाला.

आम्ही तिघांनी मिळून खूप काम केलं. सेलच्या रिक्षांवर वाजणाऱ्या जाहिराती, शाळांच्या स्नेहसंमेलनांची गाणी, नाटकांसाठी पाऊस आणि घोडे. कौशल्याबाईंच्या मामांची एक शिंक मी पाठ केली होती. ती सर्दीच्या काढ्याच्या जाहिरातीत इतकी गाजली, की मामा लग्नकार्यात शिंकले तरी लोक वळून हसत. काम संपत आलं की खासनीस शेवटचा हात फिरवायचे. डोळे मिटायचे, माझं बारीक बटण हळूहळू पार वर न्यायचे आणि म्हणायचे, आता कशी चांदी लागली. मग ते चहाला उठायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय कान आहे! आणि माझी छाती फुगायची, कारण चांदी लावणारा तर मीच होतो.

अशी आठ वर्षं गेली. स्टुडिओत संगणक आला. कोथरूडपासून आमच्यापर्यंत सगळीकडे नव्या इमारती उठल्या आणि त्यांत संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणारी मुलं-मुली राहायला आली. आमच्याकडेही रिकाम्या खोलीत पूर्णिमा नावाची मुलगी राहायला आली. मूळची अमरावतीची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. हे ऐकून खासनीस म्हणाले होते, “याचा पगार मिळतो? पुण्यात हे काम लोक बिनपगारी करतात.” पूर्णिमा हसली होती. तिला तिरकं बोलणं लागत नसे, त्यामुळे ती त्या घरात टिकली.

२००२ सालच्या जानेवारीत कोथरूडमधल्या एका शाळेचं काम आलं. पाणी वाचवा या विषयावर लहान मुलांचा नाच होता. रियाजने खडकवासल्याला जाऊन धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज आणला, मी तो पाठ केला, गाणं छान उभं राहिलं. पण शेवटचा हात फिरायच्या आदल्या दिवशी रियाज बहिणीच्या लग्नाला सोलापूरला गेला. माहेनूर ही त्याची एकुलती एक बहीण, तेव्हा आठवडाभर तरी तो येणार नव्हता. खासनिसांनी एकट्यानेच मुलांचे आवाज भरून घेतले, डोळे मिटले, बारीक पार वर नेलं आणि सीडी शाळेला देऊन टाकली.

पुढचं मी पाहिलं नाही. शाळेतल्या भाग्यश्रीबाई दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन जे बोलल्या, त्यावरून सांगतो. पडदा उघडला, गाणं सुरू झालं आणि पुढच्या सहा रांगांतल्या सगळ्या मुलांनी एकदम कानांवर हात ठेवले. रंगमंचावरच्या माशांनी आपले पुठ्ठ्याचे पंख कानांवर दाबले. एक कासव रडायला लागलं. मागे बसलेले आईवडील आणि आजीआजोबा मात्र मजेत डोलत होते. मुख्याध्यापकांना काही कळेना. प्रमुख पाहुणे सत्तरीचे होते. त्यांना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे, तेव्हा त्यांनीही हसतमुखाने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि ते पाहून मागच्या चार रांगांनी ठेवले.

भाग्यश्रीबाई चोवीस वर्षांच्या. त्यांनाही ते ऐकू आलं होतं. गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक शीळ आहे, असं त्या म्हणाल्या, दातांत सुई घातल्यासारखी. आणि पुढच्या रविवारी हाच नाच शाळाशाळांच्या स्पर्धेत व्हायचा होता. त्याआधी नीट सीडी हवी. नाहीतर त्या पेटी वाजवून नाच करवणार होत्या, आणि मग कार्यक्रमपत्रिकेवर खासनिसांचं नाव छापणार नव्हत्या.

त्या गेल्यावर खासनिसांनी सीडी लावली. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. मग स्वतःशीच म्हणाले, हं, आहे किंचित. मित्रांनो, मी त्यांच्या समोरच होतो. त्यांना काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण कानाच्या माणसाने ऐकू आलं नाही असं म्हणायचं कसं? मग त्यांनी गाणं माझ्यातून वाजवलं आणि बारीक बटण पार खाली नेलं. मी जीव तोडून शीळ कापली. पार वर नेलं. मी ती तितक्याच जोराने उचलली. खाली, वर, खाली, वर. माझी दमछाक झाली. त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि निकाल दिला: फिरवून काहीच फरक पडत नाही, इक्वलायझर मेला.

मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सोळा गाद्या असून एकही कामाची नव्हती, कारण त्यांत पाणी, शिंक आणि घोडे होते.

रियाज सोलापूरहून परतला तो हातात लाडवांचा डबा घेऊन. डबा ठेवायच्या आत खासनिसांनी त्याला धारेवर धरलं. डिसेंबरात माझी एक गादी झिजली होती, म्हणून रियाजने मला उघडून ती बदलली होती. तेव्हाच त्याने आत काहीतरी तोडलं, असं खासनिसांचं म्हणणं. रियाजने माझं बटण एकदा वर, एकदा खाली केलं आणि चालू आहे एवढंच म्हणाला.

“मग मला फरक का कळत नाही?” खासनिसांनी विचारलं.

रियाज गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं खासनिसांनी कबुलीत मोजलं. यंत्रं बिघडवून वर खोटं बोलणारा माणूस मला नको, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस, असं ते म्हणाले. जुन्या बाजारातल्या हिंदुरावांना त्यांनी फोन लावला आणि शनिवारी येऊन हे धूड घेऊन जायला सांगितलं. धूड म्हणजे मी.

स्वयंपाकघर स्टुडिओला लागून आहे, त्यामुळे संध्याकाळी जेवताना काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं. कौशल्याबाई नवऱ्याशी बोलत नव्हत्या. त्या भांड्यांशी बोलत होत्या, आणि भांडी सगळं मोठ्याने सांगत होती. पूर्णिमाने सगळी हकीकत विचारून घेतली. मग म्हणाली, “काका, नीट तपासल्याशिवाय बिघडलं काहून म्हणायचं? शनिवारी मला सुट्टी आहे. मी तपासते.”

खासनीस म्हणाले, मी आठ दिवस तपासतोय. पूर्णिमा म्हणाली, की तुम्ही ऐकताय, तपासत नाही आहात. घरात एवढं स्पष्ट त्यांना कुणी बोलत नसे. ते बराच वेळ भात कालवत राहिले आणि मग, बघ काय ते, असं म्हणाले.

शनिवारी सकाळी दहाला हिंदुराव पोतं घेऊन हजर झाले. खडकवासल्याच्या बाजूच्या गावचे, पागोटं घालणारे, शांत गृहस्थ. रियाज त्याच्या वस्तू न्यायला म्हणून आला होता. कौशल्याबाईंनी सगळ्यांना चहा दिला. हिंदुरावांनी मला नीट निरखलं आणि विचारलं, “चालू हाय का बंद हाय, तेवढं सांगा. चालू असंल तर अख्खं नेतो. बंद असंल तर हितंच उघडून नेतो.” मित्रांनो, उघडून म्हणजे तुकडे करून.

पूर्णिमाने काम सुरू केलं. आधी तिने माइक लावून, काहीच न वाजवता, खोलीतली शांतता संगणकात भरून घेतली; बाहेर कौशल्याबाईंचा टीव्हीसुद्धा स्टुडिओतल्या कामाच्या वेळी असतो तसा आवाज बंद करून चालू होता. संगणकावर आवाजाचं चित्र दिसायचं. डाव्या हाताला जाड आवाज, उजव्या हाताला बारीक, आणि जो आवाज मोठा तिथे रेघ उंच. शांततेचं चित्र सपाट यायला हवं होतं. तसं ते होतंही. फक्त उजव्या टोकाजवळ पेटवायला ठेवलेल्या उदबत्तीसारखी एक बारीक रेघ उभी होती. पूर्णिमाने ती वहीत टिपून ठेवली आणि पुढे गेली.

मग तिला असा आवाज हवा होता, ज्यात जाड, मधले, बारीक सगळे आवाज सारखेच असतील. तिने बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीची केबल काढली आणि आवाज मोठा केला. पडद्यावर मुंग्या आल्या आणि खर्रर आवाज सुरू झाला. कौशल्याबाईंचा पाककृतींचा कार्यक्रम ऐन फोडणीत गेला, पण त्या काही बोलल्या नाहीत. ती खरखर पूर्णिमाने मला ऐकवली. आजवर मी इतके आवाज पाठ केले, पण असा कधीच नाही. वर्गातल्या सगळ्या पोरांनी एकाच वेळी हजेरी द्यावी तसं ते होतं. मी मन लावून पाठ केलं.

तिने माझी गादी दाबली आणि बारीक बटण मध्यावर ठेवलं. चित्रात सपाट पठार आलं. बटण पार वर नेलं. उजव्या टोकाला पठारावर टेकडी उभी राहिली. बटण पार खाली नेलं. टेकडी गेली आणि तिथे घसरगुंडी झाली. पुन्हा वर, पुन्हा टेकडी. पुन्हा खाली, पुन्हा घसरगुंडी. हिंदुराव पुढे सरकून पाहू लागले आणि म्हणाले, “चालू हाय की.” त्यांनी पोतं अख्ख्या सॅम्पलरच्या मापाने उघडून ठेवलं. मला आनंदही झाला आणि नाहीही.

पूर्णिमा म्हणाली, की इक्वलायझर ठणठणीत आहे, रियाजदादाने काही तोडलेलं नाही.

खासनीस चष्मा सारखा करून चित्राजवळ वाकले. मग म्हणाले, की चित्र काय, कुणीही काढतं. गाणं डोळ्यांनी ऐकतात का? कानाला कळलं पाहिजे. पूर्णिमा म्हणाली, ठीक आहे, मग कानांची परीक्षा घेऊ. ती चादरीआड बसून बटण वर किंवा खाली ठेवील, वीस वेळा. खासनीस आणि रियाज यांनी दरवेळी ऐकून चिठ्ठीवर वर की खाली ते लिहायचं. एकमेकांकडे पाहायचं नाही.

तेव्हा रियाज उठला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “राहू द्या, काका. मीच बिघडवलं असेल. मी जातो.”

“चूक कबूल करायची तर पुराव्यानिशी करायची,” खासनीस म्हणाले. “बस खाली.”

परीक्षा झाली. खासनिसांनी मांडी घातली, डोळे मिटले, पेन्सिलीला टोक काढून घेतलं. दर आवाजाला ते मान कलती करून बराच वेळ ऐकत आणि मग ठामपणे लिहीत. रियाज खिडकीबाहेर पाहत झटकन लिहून मोकळा होई. चादरीमागे पूर्णिमाचा हात माझ्या बटणावर होता. मी वीसच्या वीस वेळा चोख काम केलं, अगदी जपानमध्येसुद्धा मी इतकं मन लावून केलं नव्हतं. हिंदुरावांनी दोन ढीग करून चिठ्ठ्या जुळवल्या, कारण ते तिऱ्हाईत होते.

“तांबोळी, विसातले वीस,” हिंदुरावांनी वाचलं. “खासनीस, विसातले नऊ.”

खासनिसांनी आपल्या चिठ्ठ्या स्वतः पुन्हा मोजल्या. मग विचारलं, नऊ म्हणजे कसे? पूर्णिमाने खाली पाहत सांगितलं, की नाणं उडवून लिहिलं असतं तरी नऊ-दहा बरोबर आले असते. तिला ते सांगताना वाईट वाटलं, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. तिने माझं बटण कारण नसताना दोनदा पुसलं.

कौशल्याबाई बाहेर गेल्या. त्यांना नवऱ्याचा चेहरा पाहवत नसावा. तिकडे टीव्हीवर मुंग्या आवाजाविना नुसत्याच नाचत होत्या, तो त्यांनी बंद केला. माइक अजून चालूच होता, आणि त्याच क्षणी संगणकावरची उदबत्ती नाहीशी झाली.

पूर्णिमाने त्यांना टीव्ही पुन्हा लावायला सांगितलं. उदबत्ती उभी. बंद करायला सांगितलं. उदबत्ती गेली. म्हणजे शाळेच्या गाण्यातली शीळ टीव्हीची होती. टीव्ही चालू असताना, त्याचा आवाज बंद केला तरी, आतून एक अगदी बारीक शीळ निघत असते, तिने समजावून सांगितलं. मुलांना ती ऐकू येते, वय वाढलं की येईनाशी होते. खासनीस मुलांचे आवाज भरून घेत होते तेव्हाही बाहेर मुका टीव्ही चालू होता. शीळ माइकमध्ये शिरली आणि वर बारीक बटण पार वर गेलं. मी ती शीळ चांगली टेकडीएवढी करून दिली होती. इक्वलायझर मेला नव्हता. तो जरा जास्तच जिवंत होता.

खासनीस चिठ्ठ्यांच्या दोन ढिगांकडे पाहत बसले. कानाचा माणूस होता, त्यामुळे पुढचा प्रश्न त्यांना चुकवता आला नाही. टीव्ही तर गेली आठ वर्षं चालूच असतो, बटण मी दरवेळी पार वर नेतो, मग आजवर एकाही गाण्यात शीळ कशी गेली नाही? त्यांनी हे रियाजला विचारलं.

रियाजने माझं बारीक बटण खाली आणून दाखवलं. मग म्हणाला, “तुम्ही चहाला उठलात की मी बटण खाली आणायचो.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

हे मलाही ठाऊक होतं, मित्रांनो. आठ वर्षं रोज माझ्याच अंगावर ते घडत होतं. पण रियाजला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तुम्हालाही मी आधी सांगितलं नाही. चांदी लावल्याबद्दल मी छाती फुगवायचो, ती खरं तर दरवेळी चांदी उतरवल्यानंतर मिळालेली शाबासकी होती.

“म्हणजे लोक ज्या कानांचं कौतुक करत होते, ते तुझे,” खासनीस म्हणाले.

“एकच बटण होतं, काका,” रियाज म्हणाला. “बाकीची दोन तुम्हीच लावायचात.”

खासनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते उठले, लाडवांचा डबा घेऊन आले आणि माहेनूरचं लग्न कसं झालं ते विचारलं. आल्यापासून ते कुणी विचारलंच नव्हतं. रियाजने अर्धा तास सांगितलं: वऱ्हाड उशिरा आलं, बिर्याणी कमी पडली, मावशी रुसली. सगळ्यांनी लाडू खाल्ले. शेवटी खासनीस म्हणाले, “माझं चुकलं, रियाज. सोमवारी नेहमीच्या वेळेला ये.” मग जरा थांबून म्हणाले, “सोमवारी कशाला, आत्ताच बस. रविवार उद्यावर आलाय.”

हिंदुरावांनी पोत्याची घडी घातली. त्यांचा खेटा फुकट गेला, पण लाडू चांगले होते, आणि परीक्षक म्हणून त्यांना आजवर कुणी बसवलं नव्हतं. जाताना ते माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

भाग्यश्रीबाईंना निरोप गेला. संध्याकाळपर्यंत मुलांना आणून, टीव्हीची पिन भिंतीतून उपसून, सगळे आवाज नव्याने भरले. जाड आणि मधला खासनिसांनी जुळवले. तिसऱ्या बटणाशी येऊन त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्ची रियाजसाठी सरकवली. रविवारी स्पर्धेत माशांचे पंख जागच्या जागी राहिले. नाचाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला हुंड्याविरुद्धच्या नाटुकलीला मिळाला, आणि खासनीस म्हणाले, की विषय जड होता म्हणून.

पुढच्याच आठवड्यात कौशल्याबाई त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. काचेच्या खोलीत बसायचं, टीं असं ऐकू आलं की बटण दाबायचं. खासनीस इतकी पटापट बटणं दाबत होते, की डॉक्टरीणबाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे गृहस्थ काचेतून त्यांच्या हाताची हालचाल पाहून दाबतायत. त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बराच वेळ बटण दाबलंच गेलं नाही. वीस वर्षं कर्ण्यापुढे उभं राहिल्याने वरचे आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत, पण उरलेले जपता येतील, असं त्यांनी सांगितलं. कानामागे लावायचं एक लहानसं यंत्र दिलं. ते जुळवताना डॉक्टरीणबाई विचारत, हे बरं की ते बरं? दोनदा खासनिसांनी ठोकून दिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “खरं सांगू? मला फरक कळत नाही.” कौशल्याबाईंनी घरी येऊन रियाजला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं होतं.

ते यंत्र लावून खासनीस घरी आले, त्या दिवशी घरातले सगळे आवाज त्यांना नवे होते. फ्रीज एवढा घुरघुरतो? पायपुसण्याला आवाज असतो? ते घरभर फिरून चौकशी करत होते. दुपारी कौशल्याबाई भाजी निवडत बसल्या होत्या. खासनीस स्टुडिओच्या दारातून म्हणाले, की आज वांग्याचं भरीत कर. कौशल्याबाई ओठांतल्या ओठांत, अगदी स्वतःपुरतं, काहीतरी पुटपुटल्या.

“ऐकलं मी,” खासनीस म्हणाले.

कौशल्याबाईंच्या हातातलं वांगं ताटात पडलं. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. आजवर त्या किती वेळा आणि काय काय पुटपुटल्या असतील, याचा विचार बहुधा दोघांच्याही मनात एकदमच आला. मग आधी त्या हसल्या, मागोमाग ते हसले. भरीत झालं, पण ते खासनिसांनी भाजलं.

त्यानंतर माझे फार दिवस उरले नाहीत. संगणक हुशार झाला, माझं सगळं काम त्याच्या पोटात मावू लागलं. मी आधी टेबलावरून फळीवर गेलो, मग फळीवरून माळ्यावर. माळ्यावर सहा पावसाळे काढले. माझ्या दोन गाद्या चिकटल्या, हिरवी काच अंधूक झाली. रियाजने स्वतःचा स्टुडिओ काढला, तेव्हा त्याने खासनिसांकडून मला मागून घेतलं. आता मी त्याच्या कपाटात असतो. अंगावर कापडी झाकण आहे. वर्षातून एकदा तो मला पुसून विजेला लावतो आणि कुणी नसेल तर शिंक वाजवून एकटाच हसतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर त्याला माळ्यावर टाकू नका, आणि ते बिघडलं असं म्हणण्याआधी एकदा नीट तपासा. आणि तुमचे दोन कान तर त्याहून नाजूक. त्यांच्या गाद्या बदलून मिळत नाहीत. मिरवणुकीत भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे नाचायचा मोह झाला, तर चार पावलं मागे सरून नाचा. आणि कधी एखाद्याचं बोलणं ऐकू आलं नाही, तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नका. काय म्हणालात, असं सरळ विचारा. समोरचा माणूस जरा वैतागेल, पण पुन्हा सांगेल.